घोडी केस टाकते तेव्हा

फाल्गुन लागला की कडुनिंब पानं टाकतो आणि घोडा केस टाकतो. दोघांना कुणी सांगायला जात नाही. एका सकाळी वारा जरा बदलतो, उन्हाला धार येते, आणि काल अंगाशी घट्ट धरून ठेवलेलं आज आपसूक सुटायला लागतं.

आज इंदरगंजात, आमच्या खोलीखालच्या टांगा अड्ड्यावर, एक पांढरा घोडा विजेच्या खांबाला पाठ घासत होता. खांबाला कापूस लागावा तसे केस चिकटले होते. टांगेवाला विडी ओढत बसलेला. मी सज्ज्यातून बघितलं आणि जिना उतरायला लागलो. सून म्हणाली, "बाबा, चहा तरी घेऊन जा." म्हटलं, "चहा थांबेल. त्याची पाठ खाजतेय." ती हसली. फाल्गुनात मी असाच, हे तिला आता ठाऊक झालंय.

मी शाळेत फार गेलो नाही. वाचता येतं, लिहिताही येतं, पण सजवून लिहिता येत नाही. माझं शिक्षण संस्थानच्या पागेत, घोड्यांच्या तबेल्यात झालं. आजा दख्खनेतून फौजेच्या घोड्यांबरोबर इकडं उत्तरेत आला, बाप पागेत मोतद्दार, मीही मोतद्दार. मोतद्दार म्हणजे घोडा राखणारा. बसणारे वेगळे. त्यांचे फोटो निघायचे. आम्ही फोटोत लगाम धरलेला हात तेवढा असायचो.

करीमचाचा आमचे जमादार, मोतद्दारांचे मुकादम. दाढी मेंदीनं लाल, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी माझ्या हातात पहिल्यांदा खरारा दिला तेव्हाची गोष्ट. खरारा म्हणजे घोड्याच्या अंगावरून फिरवायचा लोखंडी दातांचा ब्रश. मी तो फिरवत होतो आणि मनात संक्रांतीचा पतंग उडत होता. घोडीनं कातडी थरथरवली, कान मागं पाडले आणि अशी लाथ झाडली की मी गवताच्या गंजीत जाऊन पडलो.

चाचा उठवायला आले नाहीत. लांबूनच म्हणाले, "कहाँ गए थे, मियाँ?"

"कुठं नाही चाचा, इथंच होतो."

"हाथ यहाँ था. तुम कहाँ थे?"

मग ते जवळ आले, माझा हात घोडीच्या खांद्यावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. "हाथ जहाँ, मन वहाँ. बस, घोड़ा इतना ही माँगता है."

आणखी एक शिकवलं. खरारा करताना दातांच्या फटीतून श्वास सोडायचा. हिस्स, हिस्स. धूळ नाकातोंडात जात नाही, हाताला ताल येतो आणि जनावराला कळतं की माणूस इथंच आहे. पागेत पहाटे सगळे मोतद्दार एकदम हे करायला लागले की समुद्र म्हणतात तो असाच वाजत असेल, असं मला वाटायचं. समुद्र मी कधी पाहिलेला नाही.

तीच लाथ मारणारी घोडी मेली तेव्हा तिची शिंगरी माझ्याकडं आली. रंग सुरंग, म्हणजे लालसर, पण उन्हात गेली की केशर दुधात कालवल्यासारखी. नाव केशरच पडलं. तिच्याबद्दल लिहायला बसलो की हात अडखळतो. एवढं मोठं जनावर. मनात आणलं तर माझा चेंदामेंदा करील. आणि ते माझ्या तळहाताखाली डोळे अर्धे मिटून, खालचा ओठ सैल सोडून उभं आहे. मला या गोष्टीची सवय कधीच झाली नाही. रोज पहाटे तिच्या मानेवर हात ठेवला की आत रक्त वाहतंय ते लागायचं, आणि रोज वाटायचं, हे मला का म्हणून दिलंय?

फाल्गुनात तर बघायला नको. खराऱ्याच्या एका फेरीला मूठभर केस. पागेच्या झरोक्यातून उन्हाची पट्टी आत यायची आणि त्या पट्टीत केशरचे केस तरंगत राहायचे, खाली यायची घाईच नाही. मी एकदा नीट पाहिलं. जुना केस निघतो तिथं खाली नवा आधीच उगवून बसलेला असतो. बारीक, तुळतुळीत. घोडी नव्याची वाट बघत जुना धरून ठेवत नाही, आणि जुना पडला म्हणून उघडीही पडत नाही. हे कोण करतं? मी खरारा करतो एवढंच. केस मी काढत नाही. ते निघायला आलेले असतात.

माझी बायको अनसूया. पागेमागच्या मोतद्दारांच्या खोल्यांत आमचा संसार. ती म्हणायची, "माझ्यापेक्षा सवतीचे केस जास्त विंचरलेत तुम्ही."

मी म्हणायचो, "सवत तोंड करत नाही."

"तिला भाकऱ्या थापायला लावा, मग बघा करते की नाही."

पण केशरचे पडलेले केस ती एकही वाया घालवायची नाही. होळीच्या आधी ती दर वर्षी चूल नवी घालायची. मुरारची चिकणमाती, घोड्याची लीद, आणि त्यात केस बारीक तोडून कालवायचे. केसांनी माती धरून राहते, तडा जात नाही, असं तिच्या सासूनं तिला शिकवलेलं. पायानं माती तुडवत असायची, पदर खोचलेला, घोट्यांपर्यंत चिखल, आणि त्या चिखलात केशरी रेषा. चूल वाळली की पाठीवर बारीक केस दिसायचे. दिनकर, आमचा मुलगा, लहानपणी चुलीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचा, "आई, चूल घोडी आहे." ती म्हणायची, "मग लाथ खायच्या आत लांब हो."

मग राज्य गेलं. फौज मोठ्या फौजेत मिळाली, घोडे कुठल्या कुठं गेले. धट्टेकट्टे फौजेनं नेले, उरलेल्यांचा लिलाव झाला. केशर वयानं उतरली होती. तिला मुरैन्याकडचा एक शेतकरी घेऊन गेला. माणूस बरा दिसला. तिच्या पाठीवरून त्यानं हात फिरवला तेव्हा मी त्याच्या हाताकडं बघितलं, तोंडाकडं नाही. मन हाताबरोबर तिथंच होतं, कुठं गेलं नव्हतं. म्हणून लगाम सोडला.

पागेच्या दारावरची पाटी रंगली, मध्य भारत. घोड्यांच्या जागी सरकारी कागदांचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या आल्या. गोदामाला चौकीदार लागतो, तो मी झालो, म्हणून खोली सुटली नाही. पण पहाटे जाग यायची आणि मी अर्ध्या झोपेतच उठून खरारा घेऊन जायचो. केशर बांधायचो त्या ठाणापुढं उभा राहायचो. एका पहाटे मागून अनसूया आली. माझ्या हातातला खरारा काढून घेतला आणि झाडू दिला.

"निंबाचा पाला पडलाय. झाडा."

"आत्ता झाडून काय उपयोग? दुपारपर्यंत पुन्हा तेवढाच."

"दुपारचा पाला दुपारी. आत्ताचा झाडा."

मी झाडला. ती वाक्यं बोलून मोठी होणारी बाई नव्हती. पाला पडलेला होता, एवढंच तिचं म्हणणं. पण झाडता झाडता माझ्या दातांतून हिस्स सुरू झालं, आणि बऱ्याच दिवसांनी सकाळ मला सकाळीच भेटली.

केशर गेली त्या वर्षापासून अनसूयानं चूल मोडून नवी घातली नाही. वरून पोतेरा द्यायची, भेग दिसली तर बोटानं माती भरायची. कारण विचारलं तर म्हणायची, "नवीत घालायला केस कुठाहेत?"

ती गेली त्या हिवाळ्यात तिला हात डोक्यापर्यंत नेता येत नव्हता. सून तिला उठवून बसवायची, पण केसांत जटा झाल्या. सून हात लावायची की ही कळवळायची. मी म्हटलं, "आण फणी." सून माझ्याकडं बघतच राहिली. बाप्यानं बायकोचे केस विंचरायचे? मी म्हटलं, "जन्मभर दुसरं काय केलं?"

ऊन अंगणात आलं होतं. तिला बाजेवर बसवलं आणि मागं बसलो. जट खालून धरायची, वरून ओढायची नाही. मूळ एका हातात घट्ट, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. घोड्याच्या आयाळीला करतात तसंच. दुसरं काही मला येतच नव्हतं. केस किती पातळ झाले होते, आणि पातळ होऊनही किती लांब. पांढऱ्यात मधूनच एक काळा, जसा काही त्याला पिकायचा निरोप कुणी दिलाच नाही. माझ्या दातांतून नेहमीचं हिस्स सुरू झालं तशी तिची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडते. हसत होती.

"काय झालं?"

"काही नाही. इतक्या वर्षांनी घोडीचं सुख कळलं."

पुढं ती डुलकी घ्यायला लागली. खालचा ओठ सैल. माझा हात तिच्या मानेवर होता आणि आत रक्त चालू होतं. ते माझ्या हाताला लागत होतं. मी पुढचं काही मनात आणलं नाही, मागचंही नाही. कडुनिंबावर राघू ओरडत होते. एवढीच ती दुपार. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी इतका पुरता कुठंच हजर नव्हतो.

मार्गशीर्षात ती गेली.

त्यानंतर मी बिघडलो. जेवायचो, चालायचो, पण घर रिकाम्या ठाणासारखं. शेजारच्या गल्लीत नानाभटजी राहायचे. त्यांचे वाडवडील दरबारचे पुरोहित, आणि ते स्वतः आता शाळेतल्या पोरांच्या संस्कृतच्या शिकवण्या घेणारे. चांगला माणूस. रोज संध्याकाळी येऊन बसायचे. एकदा म्हणाले, "विठोजीराव, ध्यान करा. डोळे मिटा, आणि श्वास येतो जातो तेवढा बघा."

"डोळे मिटल्यावर बघायचा कसा?"

"आतून बघायचा. विचार आला तर येऊ द्यावा, गेला तर जाऊ द्यावा. अडवायचा नाही, धरायचा नाही."

"धर्मशाळाच झाली की."

"झाली. तुम्ही फक्त ओसरीवर बसायचं."

बसलो. डोळे मिटले की ती दिसायची, म्हणून उघडायचो. उघडले की ती दिसायची नाही, म्हणून मिटायचो. भटजी म्हणाले, "पापण्या फडफडवू नका हो." चार-दोन दिवस असंच. मग एका संध्याकाळी मला वाटलं, मला बघता येत नसेल तर मला जसं येतं तसं करू. डोळे मिटले, हात मांडीवर ठेवला आणि दातांतून श्वास सोडला. हिस्स.

भटजी दचकून बाजूला सरकले. "अहो, हे काय? साप आला वाटलं."

"श्वास बघतोय."

"बघायचा. ऐकवायचा नाही."

"मला असाच सापडतो."

बराच वेळ आम्ही बसलो. माझं हिस्स चालू होतं, त्यांचं बिनआवाजी. त्या दिवशीही ती दिसली. पण ओढत नव्हती. पागेतल्या उन्हाच्या पट्टीतल्या केसांसारखी तरंगत होती, खाली यायची घाई नाही, वर जायची नाही. मी धरायला गेलो नाही. डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते आणि भटजी पंच्यानं डोळे पुसत होते. त्यांनाही कुणीतरी गेलेलं असणार. मी विचारलं नाही.

पण चुलीचं तसं झालं नाही. चूल मी धरून बसलो.

राज्यं पुन्हा जोडली, पुन्हा तोडली. राजधानी भोपाळला गेली. पागेवरची पाटी तिसऱ्यांदा रंगली, मध्य प्रदेश. भिंत तीच, रंगारीसुद्धा तोच. आणि हुकूम आला की मागच्या खोल्या पाडून नवीन कचेरी बांधायची, फाल्गुन संपायच्या आत जागा खाली करा. दिनकर इंदरगंजात कारकून. त्यानं तिथंच दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या बघितल्या. मी म्हटलं, "येतो. चूल घेऊन येतो."

"बाबा, वहाँ सिगडी है. दुसऱ्या मजल्यावर मातीची चूल कशी न्यायची? मकानमालिक क्या बोलेगा?"

"मालकाला बोलू दे. आईची चूल आहे."

"आईची आहे म्हणूनच सांगतो ना. रस्त्यात फुटेल."

"मग मी इथंच राहतो. पाडा माझ्यासकट."

दिनकर रडवेला झाला. पोरगा वाईट नाही. त्याला दोन्ही बाजूंनी ओढ लागत होती, इकडून मी, तिकडून हुकूम. सून मध्ये पडली, भटजी मध्ये पडले. भटजी म्हणाले, "विठोजीराव, धरायचं नाही असं ठरलं होतं." मी म्हटलं, "ते विचारांचं ठरलं होतं. ही माती आहे." ते उठून घरी गेले. मला वाटलं मी जिंकलो.

निघायचा दिवस. टांगा दाराशी उभा, भांडीकुंडी आत चढत होती. मी सब्बल, म्हणजे पहार घेऊन चुलीच्या पायथ्याची जमीन सोडवली होती. चूल अख्खी सुटली, एक तडा नाही. दिनकरही बघत राहिला. आता उचलायची कशी? माझ्या पेटीत केशरचा जुना तंग होता, खोगीर आवळायचा रुंद पट्टा. मी तो चुलीभोवती घातला. आणि चुकलो ते इथं. तंग हातात आला की हात काय करतो? घोडी पोट फुगवते, म्हणून मोतद्दार गुडघा लावतो आणि वाट बघतो, तिनं श्वास सोडला की खस्सकन ओढतो. माझा हात मातीच्या चुलीवर होता आणि मी पागेत. गुडघा लावला. वाट बघितली. ओढला.

चूल मधोमध उकलली आणि दोन बाजूंना पडली.

दिनकर तोंड फिरवून उभा राहिला. टांगेवाला म्हातारा होता, त्यानं विडी विझवली. माझ्या कानात करीमचाचा इतक्या हळू बोलले की मला हसू आलं. कहाँ गए थे, मियाँ?

मी खाली बसलो. चुलीची जाळाकडची बाजू काळी, भाजलेली, विटेसारखी. पण पाठीकडची, जिथं जाळ पोचत नव्हता, ती उकलून उघडी पडली होती आणि तिच्यात केस होते. मी समजत होतो करपले असतील, कुजले असतील. तसेच होते. सुरंग. दारातून ऊन आत आलं आणि ते मातीत पेटल्यासारखे दिसले. इतकी वर्षं आमच्या भाकरीच्या मागच्या अंगाला, पोतेऱ्याखाली, अंधारात, हा रंग तसाच उभा होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. आणि मातीवर बोटं होती. तिची. कालवून थापताना उठलेली, चार बोटं शेजारी शेजारी. मी माझी बोटं त्यांत ठेवली. बसली नाहीत. तिची लहान होती.

सून केरसुणी घेऊन आली. मी म्हटलं, "राहू दे जरा."

कारण उंबऱ्यावर चिमणी आली होती. ती वाकडी मान करून आमच्याकडं बघत होती. मग टुणकन आत आली, ढेकळातून एक केस ओढला, सुटेना, पाय रोवून ओढला, आणि घेऊन गेली. वर वळचणीत तिचं काम चाललेलं असणार. पण ही वळचणही पडणार होती. मी सगळी ढेकळं उचलून बाहेर निंबाच्या बुंध्याशी नेली आणि हातानं चुरली. माती खाली, केस वर. लगेच दुसरी आली, मग तिसरी. निंबाची पानं वरून गळत होती, माझ्या डोक्यावर, टांग्यावर, भांड्यांवर. चिमण्या चोचीत केशरी मिश्या घेऊन उडत होत्या आणि नव्या पालवीत शिरत होत्या. मी तोंड वासून बघत होतो. माझी बायको आणि माझी घोडी, दोघींनी मिळून केलेली वस्तू माझ्या डोळ्यांदेखत झाडावर चढत होती, आणि मला फक्त बाजूला सरकून बसायचं होतं.

दिनकर माझ्याशेजारी येऊन उकिडवा बसला. लहानपणी बसायचा तसा. बऱ्याच वेळानं म्हणाला, "बाबा, टांगा उभा आहे."

"थांब. एक झुबका उरलाय."

तो थांबला. टांगेवालाही थांबला. आला एक चिमणा, मोठा रुबाबदार, झुबका चोचीत मावेना, अर्धा सांडला, अर्धा घेऊन गेला. सांडलेला वाऱ्यानं नेला. कुठं, ते मी बघितलं नाही.

उठलो. हात झटकले. टांग्यात चढायच्या आधी घोड्यापुढं गेलो, मानेवर हात ठेवला. आत रक्त चालू होतं.

"चल," मी म्हटलं.